इंद्राने अडवलेल्या शेळ्या

ठकू धनगरणीच्या चाळीस शेळ्या कोंडवाड्यात पडल्या, त्या इंद्रामुळे!

झालं असं, की रणधीरराजांनी आपलं राखीव कुरण रयतेच्या शेळ्यांना खुलं केलं. आता त्या राज्याचा कायदा असा, की संकेतस्थळावर दिसेल तोच हुकूम, बाकी नुसत्या वावड्या. राजांनी मजकूर स्वतः लिहायला घेतला. राजेच ते, सुरुवात आपल्या कौतुकाने व्हायचीच. शाळेत शिकलेलं लहान-मोठ्याचं चिन्ह आठवून त्यांनी झोकात पहिली ओळ लिहिली:

इंद्र<रणधीरराजे

आणि त्याखाली कुरणाचा हुकूम. राघोपंत कारकुनाने मजकूर जसाच्या तसा संकेतस्थळावर चढवला. पान उघडून बघतात तर एकच शब्द: इंद्र. ना राजे, ना कुरण.

इकडे कुरणाच्या फाटकावर शिपायाने तेच पान, कुरण खुलं झाल्याचं ऐकून आलेल्या ठकूच्या नाकासमोर धरलं. "इथे नुसता इंद्र आहे. शेळ्या इंद्राच्या असतील तर सोडतो," म्हणाला आणि कळप कोंडवाड्यात हाकलला. बिचाऱ्या दिवसभर उपाशी ओरडत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने दरबार गाठला. तिथे राघोपंत घामाघूम उभे.

"महाराज, ते चिन्ह काढून 'पेक्षा लहान' असं अक्षरी लिहू या."

"आमच्या लेखणीची एक रेघ कमी होणार नाही, एक जास्त होणार नाही!" राजे गरजले. "इंद्र लहानच राहील आणि हुकूमही पुरता दिसेल. दुपारपर्यंत जमवा, नाहीतर मिशा उतरवू."

पंतांच्या मिशा राज्यात नावाजलेल्या. ते मजकुराचा कागद घेऊन कोपऱ्यात जाऊन बसले. ठकू त्यांच्याजवळ सरकली आणि तिने कागदावरच्या चिन्हावर बोट ठेवलं.

"पंत, ह्ये तोंड वासून बसलंय ते काय?"

"तेच ते अवलक्षणी! ते दिसलं की यंत्राला वाटतं, आपल्यासाठी काही आतली सूचना सुरू झाली. मग उलटं चिन्ह येऊन तोंड मिटेपर्यंत पुढचं सगळं पोटात."

"आन् उलटं एकलंच आलं तर?"

"त्याने काय होतंय? उघडलंच नाही ते मिटणार काय? आहे तसं दिसतं."

ठकू गालात हसली. शेळी पिकात शिरली तर तिला झोडपायचं नसतं, तिचं तोंड फिरवायचं असतं, हे ती लहानपणापासून करत आली होती. ती सरळ राजांसमोर जाऊन उभी राहिली.

"महाराज, चूक यंत्राची न्हाई. तुमची हाय."

पंतांनी मिशांवर हात ठेवला.

"इंद्र धाकटा म्हणताय, आन् त्याचं नाव तुमच्या आधी? आमच्यात धाकट्याला आधी पान वाढलं, तर थोरला पंगतीतनं उठून जातोय."

राजे चपापले. "अरेच्चा! मग?"

"थोरल्याला आधी बसवा. चिन्हाचं तोंड आपसूक फिरतंय. रेघा त्याच दोन."

पंतांनी ओळ फिरवली:

रणधीरराजे>इंद्र

पान उघडलं. राजे दिसले, इंद्र दिसला, आणि खाली कुरणाचा हुकूम शेवटच्या शब्दापर्यंत दिसला. राजांनी बोट ठेवून रेघा मोजल्या. खरंच दोन! पण शंका काही जाईना.

"ठकू, त्याचं तोंड अजून आमच्याकडेच आहे. पुन्हा गिळलं तर?"

"मघाशी इंद्राच्या मागं हुबं होता, महाराज, म्हणून गिळलं. आता तुमी इंद्राच्या म्होरं. कुणाची छाती हाय गिळायची?"

राजे असे हसले की मुकुट कानावर आला. त्यांनी तिथल्या तिथे शेळ्या सोडवल्या, ठकूला हातातलं सोन्याचं कडं दिलं आणि फर्मावलं, की यापुढे राजांनी लिहिलेला प्रत्येक हुकूम आधी ठकूला दाखवायचा. कुठे काही तोंड वासून बसलंय का, ते ती बघेल!