आवडाईची करवंदी

बैलांच्या पाठीवर लादून मीठ कोकणातून घाटावर यायचं, त्या काळातली ही गोष्ट. ऐकायची तर नीट सरसावून बसा, कारण कारिवण्याची माणसं ती सांगताना अधेमधे कुणाला उठू देत नाहीत.

कारिवणं म्हणजे घाटमाथ्यावरचं चाळीस घरांचं गाव. तीन बाजूंना कारवीचं रान, चौथ्या बाजूला वेताची खिंड, आणि खिंडीतून खाली कोकणात उतरणारी बैलवाट. या गावात आवडाई नावाची लोहारीण होऊन गेली. तिचा बाप गडावरच्या हत्यारखान्यात बंदुका घडवायचा. त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्यानं सगळी विद्या मुलीच्या हातात ठेवली आणि रवळू नावाचा घरजावई आणला. रवळूचा नेम सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेला, पण भट्टीचा भाता ओढायला बसला की त्याला झोप यायची. आवडाई म्हणायची, घरात एकानं जागं असलं म्हणजे पुरे.

तिच्याकडच्या बंदुकांना गावानं गोळीच्या मापावरून नावं ठेवली होती. हरभऱ्याएवढी गोळी घेणारी ती हरभरी. ती सशाला, भेकराला. करवंदाएवढी गोळी घेणारी ती करवंदी. आणि आवळ्याएवढी लागायची ती आवळी. आवळी एकच होती, आवडाईच्या बापानं घडवलेली, आणि ती भिंतीवरच असायची. तिचा बार झाला की मारणारा आणि मरणारा दोघंही आडवे होतात, असं म्हणतात.

शिकारीला निघालेला माणूस, गावचा असो की परगावचा, आधी आवडाईच्या भट्टीवर यायचा. ती हातातलं काम न थांबवता तीन प्रश्न विचारायची. कुठलं जनावर? किती पावलांवरनं? आणि नुसतं जखमी झालं, तर मागावर कोण? पहिल्या दोन उत्तरांवरून ती बंदूक निवडायची. तिसऱ्यावरून ती द्यायची की नाही, ते ठरवायची. कारण गावचा रिवाज होता की जखमी जनावर रानात सोडायचं नाही. ज्याची गोळी, त्यानंच रक्ताचा माग काढत जायचं आणि त्या जिवाला सोडवायचं. असं म्हणतात की ती रिकाम्या नळीला कान लावून सांगायची, ही आज डुकराला लागेल, उद्या मात्र झाडाला. रवळू म्हणायचा, माझ्याबद्दलही तिला तसंच कळतं, म्हणून मी खोटं बोलायचं कधीच सोडून दिलं.

एका शिमग्याला गावच्या पारधीसाठी देशावरचे आनंदराव इनामदार पाहुणे म्हणून आले. त्यांच्याकडे विलायती रायफल होती, नवी कोरी, आणि तिची गोळी बोरूसारखी बारीक आणि टोकदार होती. ते भट्टीवर आले ते नळीला तेल लावून घ्यायला. आवडाईनं तेल लावलं आणि सवयीनं विचारलं, "कुठलं जनावर, सरकार? किती पावलांवरनं?"

"गवा," इनामदार म्हणाले. "आणि पावलं म्हणशील तर पाचशे. ही पाचशे पावलांवरून फळी फोडते."

"कारवीत वीस पावलांपल्याड काय दिसत न्हाई. आनि गवा म्हंजी फळी न्हवं. बोटभर जाड कातडं, त्येच्याखाली खांद्याचं हाड. ही गोळी हरणाला झ्याक हाय. गव्याला करवंदी न्या, मी देते."

इनामदारांनी भिंतीला टेकवलेल्या करवंदीकडे पाहिलं. "हा ठासणीचा सोटा घेऊन मी पारधीला जाऊ?"

"बरं. मंग जखमी झाला तर मागावर कोन?"

"त्याला माणसं आहेत की," ते हसून म्हणाले आणि रायफल खांद्याला लावून निघून गेले.

हाकाऱ्यांच्या आरोळ्या उठल्या, आणि रानातून गवा निघाला तोही एकांडा, कळप सोडलेला, काळा कुळकुळीत नर. इनामदारांनी मचाणावरून बार टाकला. गोळी खांद्यात शिरली आणि हाडावर वाकून तिथंच अडकली. गवा कारवीत नाहीसा झाला. इनामदारांनी माणसांकडे पाहिलं, माणसांनी इनामदारांना रिवाज सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच इनामदारांना देशावर फार तातडीचं काम निघालं.

तो गवा वेताच्या खिंडीत जाऊन राहिला. खांदा ठणकायचा, माश्या बसायच्या, आणि जे समोर येईल त्याच्यावर तो तुटून पडायचा. मिठाचा तांडा खालून चढत आला तर त्यानं दोन बैल शिंगांवर घेऊन दरीत टाकले. तांडा परत फिरला. दुसरी वाट चार दिवसांची, आणि तिच्यावरून लादलेले बैल येत नसत. बघता बघता चैत्र सरला. पाऊस लागला की घाट बंद होतो. मीठ आत्ता आलं नाही तर ते थेट दिवाळीनंतर, हे पोराटोरांनाही कळत होतं. घरोघरची मिठाची मडकी खरवडून झाली. अळणी भाकरी, अळणी कोरड्यास, अळणी आंबील. गुरं एकमेकांची अंगं चाटत उभी राहायची.

रिवाज असा की मारणारा पळाला तर गावच्या नेमबाजानं जायचं. गावचा नेमबाज म्हणजे रवळू. कुणी त्याला तोंडानं काही म्हणालं नाही, पण सगळे भट्टीवरून जाताना जरा थांबून जाऊ लागले. एक दिवस रवळूनं भिंतीवरची आवळी खाली काढली आणि तिची धूळ पुसली.

आवडाईनं ते पाहिलं. तिला हा झोपाळू माणूस हवा होता, जसा होता तसा आणि धडधाकट. पण ती ओरडली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आवळी स्वतः ठासून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "त्यो फणसाचा ओंडका हाय न्हवं, त्याच्यावर एक बार टाकून दावा."

रवळूनं आवळी खांद्याला लावली, नेम धरला, चाप ओढला. ठिणगी पाडणारी टोपी टक्क वाजली आणि बार झालाच नाही. पण नळीचं तोंड वीतभर खाली गेलं होतं आणि रवळूचे डोळे गच्च मिटलेले होते. त्यानं ते उघडले तेव्हा आवडाई त्याच्याकडेच बघत होती.

"दारू न्हवती?"

"न्हवती. कोंडा भरला हुता."

मग तिनं करवंदीतही कोंडा भरला आणि ती दिली. टोपी वाजली. नळी जागची हलली नाही आणि रवळूचा डोळा ओंडक्यावरून हलला नाही.

"गव्याम्होरं डोळं मिटून कसं चालंल?" ती म्हणाली. "बंदूक किती मोठी, त्ये गवा बगत न्हाई. गोळी कुठं बसली त्येवढंच त्येला कळतं."

रवळूनं करवंदी खाली टेकवली. मग म्हणाला, "घरजावयानं सासऱ्याची बंदूक तरी पेलावी, आसं वाटतं गावाला."

"आबांनी ती दोनदाच उडवली. येकदा त्येंचा खांदा निखळला, आनि दुसऱ्यांदा शेजाऱ्याची म्हस बिथरून पळाली. गवा दोनी येळंला जित्ता ऱ्हायला." तिनं आवळी उचलून बाजूला ठेवली. "आनि गाव काय तुमच्यासंगं खिंडीत येनार हाय?"

रवळू हसला. तो हसला की आवडाईला हायसं वाटायचं, पण या वेळी तेवढ्यानं भागणार नव्हतं. तिनं ओंडक्यावर म्हशीच्या खांद्याचं हाड बांधलं आणि खरी दारू घालून करवंदीचा बार काढायला लावला. शिशाची गोळी हाडावर चपटी झाली आणि गळून पडली. शिसं मऊ असतं. त्यात कथील मिसळलं तर गोळी कडक होते, हे बापानं शिकवलं होतं. पण घरातलं कथील शिमग्यालाच संपलं होतं, आणि कथील आणणारा कल्हईवाला त्याच खिंडीतून यायचा.

तेव्हा आवडाई कनवटीला कापसाचा बोळा खोचून दारोदार गेली. कथील होतं, पण ते गावच्या तपेल्यांना आणि पातेल्यांना आतून कल्हई होऊन बसलेलं होतं. भांडं तापवायचं आणि पातळ झालेली कल्हई कापसानं निपटून घ्यायची. एका घरातून गुंजेएवढं निघायचं. पण मग त्या भांड्यात ताक नाही, चिंच नाही, आमसूल नाही. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेत आंबट घातलं की ते कळकलंच. म्हणजे मीठ गेलंच होतं, आता आंबटही जाणार. बाया तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग धोंडूच्या म्हातारीनं आपलं तपेलं चुलीवर रिकामंच चढवलं आणि म्हणाली, "मिठाबिगर आंबटाला तरी कुठं चव हाय. ने बाई." त्या दिवशी चाळीस घरांची कल्हई उतरली. असं म्हणतात की त्या संध्याकाळी गावातलं एकही भांडं चकाकत नव्हतं आणि आवडाईची भट्टी मात्र कोकणातून दिसत होती.

तिनं चार गोळ्या ओतल्या. एक हाडावर मारून पाहिली. ती हाडातून आणि ओंडक्यातून आरपार गेली आणि पलीकडच्या बांधात रुतली. उरल्या तीन.

वैशाखातल्या शेवटच्या मंगळवारी न्याहारी करून रवळू निघाला. दारात आवडाईनं वाट अडवली. तिच्याही हातात एक करवंदी होती, ठासलेली.

"कुठलं जनावर?" तिनं विचारलं.

"आता ठावं न्हाई व्हय तुला?" पण तिनं वाट सोडली नाही, तेव्हा तो म्हणाला, "गवा."

"किती पावलांवरनं?"

"वीस."

"आनि नुसतं जखमी झालं, तर मागावर कोन?"

"मी," रवळू म्हणाला. "दुसरं कोन?"

"तुमी पडला, तर?"

आवडाईनं पदर खोचला. "बंदूक मी निवडली. तुमच्यामागं मागावर मी." आणि ती त्याच्या आधी उंबऱ्याबाहेर पडली.

खिंडीत वारा नव्हता. कारवीत आधी श्वास ऐकू आला, मग गवा उभा राहिला. खांद्यावर तळहाताएवढी जखम, तिच्यावर माश्यांचं मोहोळ. आवडाईला त्याची भीती वाटायच्या आधी कीव आली. तो मान खाली घालून रवळूवर चालून येऊ लागला. कपाळावर गोळी मारून उपयोग नाही, तिथं नुसतं हाड. खांदा दिसायला हवा होता, आणि तो दिसत नव्हता. तीस पावलं. पंचवीस. रवळूनं डोळे मिटले नाहीत आणि बारही टाकला नाही.

तेव्हा आवडाई बाजूच्या खडकावर चढली आणि आजारी बैलाला बोलावं तशा आवाजात म्हणाली, "हकडं ये रं, लेकरा. लई दुकतंय न्हवं?"

गवा थबकला आणि तिच्याकडे वळला. आता तो तिच्यावर येणार होता, आणि वळता वळता त्याचा चांगला खांदा रवळूसमोर आला. एकच बार झाला. चाळीस घरांचं कथील हाडातून आत गेलं. गवा तीन पावलं चालला, गुडघ्यांवर बसला, आणि त्यानं आपलं डोकं आवडाई उभी होती त्या खडकावर टेकवलं. असं म्हणतात की जीव जायच्या आधी त्यानं तिचा पाय चाटला. रवळू म्हणायचा, चाटला की नाही ते मला माहीत नाही, माझे तर बार झाल्यावर डोळेच भरून आले होते.

आवडाईनं जुन्या जखमेतून ती बारीक गोळी काढली. मिरचीसारखी वाकली होती. तिनं ती धुऊन, फडक्यात बांधून, निरोप्याबरोबर इनामदारांकडे पाठवून दिली. सोबत शब्दही नव्हता. पुढच्या शिमग्याला आनंदराव इनामदार पुन्हा आले. घोडा खाली ठेवून पायी आले, आणि आपल्या पाठीवर मिठाची गोणी घेऊन आले. ते भट्टीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मला विचार." तिनं विचारलं. तिसऱ्या प्रश्नाला ते म्हणाले, "मी." मग तिनं त्यांना करवंदी दिली.

पण ते पुढचं. त्या मंगळवारी निरोप खाली गेला आणि पायथ्याशी थांबलेला तांडा वर चढला. पहिल्याच बैलाची गोणी उसवली आणि गवा पडला त्या खडकावर मीठ सांडलं. ते कुणी भरून घेतलं नाही. तेव्हापासून तो खडक खारट आहे, असं म्हणतात, आणि आजही रानातले गवे त्याला चाटायला येतात. वनखात्याची माणसं सांगतात, तिथली मातीच तशी आहे. गावकरी मान डोलावतात आणि त्यांना चहा देतात.

आता शिकार बंद झाली, आणि ते बरंच झालं. आवळी कधीच सरकारजमा झाली. करवंदीची मोडकी नळी तेवढी भट्टीच्या जागी ऐरणीशेजारी पुरलेली आहे. पण वैशाखातल्या शेवटच्या मंगळवारी कारिवण्यात अजून सकाळचं जेवण अळणी असतं आणि आंबटाचा कण कुणी पानात घेत नाही. दुपारी सगळं गाव ऐरणीपाशी जमतं. त्या वर्षी जो कुणी काही मोठं करायला निघाला असेल, तो पुढे येतो, आणि गावातली सगळ्यात म्हातारी बाई मिठाचं मडकं मांडीवर घेऊन त्याला विचारते. दोन वर्षांपूर्वी लग्न ठरलेली एक मुलगी उभी होती.

"कुठलं जनावर?" म्हातारीनं विचारलं. मुलीनं नवऱ्याचं नाव घेतलं आणि सगळं गाव हसलं.

"किती पावलांवरनं?" "पुन्यास्नं," मुलगी म्हणाली, आणि पुन्हा हसू झालं.

मग म्हातारीनं तिसरा प्रश्न विचारला, आणि तेव्हा कुणी हसलं नाही. तो प्रश्न विचारताना कारिवण्यात लहान पोरंसुद्धा गप्प होतात. मुलीनं क्षणभर ऐरणीकडे पाहिलं.

"मी," ती म्हणाली, आणि म्हातारीनं तिच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलं.