टिटवीचं श्रमदान

मुंग्यांच्याही कंपन्या असायच्या, त्या काळातली गोष्ट. एका तळ्याकाठी टिटवी राहायची. आपण पाय वर धरले नाहीत तर आभाळ कोसळेल, या भीतीने ती रोज पाय वर करूनच झोपायची.

पाल्याने तळं भरलं आणि बेडकांची पिल्लं गुदमरू लागली. टिटवीने मुंग्यांची अन् शेणकिड्यांची, अशा दोन कंपन्या श्रमदानाला बोलावल्या. "आपसात बोलत बसू नका, काय ते मला विचारा," असं बजावून तिने मुंग्यांना पाला काठावर आणायला सांगितलं आणि शेणकिड्यांना काठ साफ करायला.

मग काय, नुसती धमाल. मुंग्या गाणी म्हणत पाला वर ओढत होत्या, शेणकिडे त्याचे गोळे करून उतारावरून पाण्यात सोडत होते आणि टिटवी आनंदाने गिरक्या घेत होती. दिवस कलला तरी तळं होतं तसंच.

म्हातारी बेडकी म्हणाली, "टिटवीबाई, यांची एकमेकांशी ओळख तरी करून दिलीत का?"

टिटवीची गिरकी अर्ध्यावरच थांबली. मुंग्या आणि शेणकिडे मात्र एकमेकांकडे बघून हसता हसता लोळले. मग मुंग्यांनी पाला वर आणला, किड्यांनी तो बांधापलीकडे लोटला आणि दिवेलागणीला तळं मोकळं झालं.

दमलेली टिटवी त्या दिवशी पाय खाली ठेवूनच झोपली. सकाळी पाहते तो आभाळ जागच्या जागी.