विहिरीतली अहीर

“पण बुवा, मला नाव कधी देणार?”

वालावलकर मास्तरांनी हे विचारलं तेव्हा निरंजनबुवा मठामागच्या विहिरीत वाकून बघत होते.

बायको गेली त्याला वर्ष होत आलेलं. मास्तर शेवटी घराला कुलूप लावून मठात येऊन राहिलेले. भगवं उपरणं त्यांनी स्वतःच कुडाळच्या बाजारातून आणलं होतं. दीक्षेचं नाव तेवढं राहिलं होतं. ते मिळालं की मागचं सगळं पुसलं जाईल, अशी त्यांची खात्री.

“इकडे या,” बुवा म्हणाले. “वर आलीय बघा.”

मास्तर वाकले आणि तसेच मागे सरले.

“साप!”

“अहीर. मासा आहे तो. पाणी चांगलं राहावं म्हणून कुणीतरी सोडलेली. किडे खाते. मी आलो त्याच्या आधीपासून आहे. एकटीच.”

“आणि हिच्या बाकीच्या?”

“नदीतल्या समुद्राकडे जातात म्हणे. हिला वाट कुठली?”

मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांना शब्द सापडला होता, आता थांबतात कुठले!

“अहीर... अहि म्हणजे साप, बुवा. संस्कृत. त्यावरूनच आलं असणार. तिकडे लॅटिनमध्येसुद्धा हिचं नाव सापावरूनच. छोटा साप म्हणतात!”

“विष असतं का हिला?”

“छे! मासाच तो.”

“मग सापाचं नाव कुणी दिलं?”

“लांबून बघणाऱ्यांनी. दुसरं कोण?”

“हिला ठाऊक आहे?”

“माशाला कसं ठाऊक असणार, बुवा!”

“हाक मारून बघा.”

मास्तरांनी आधी मागे वळून पाहिलं, कुणी बघत तर नाही ना. मग आत तोंड घालून ओरडले, “अहीर!”

विहिरीने त्यांचाच आवाज परत दिला. पाणी हललं नाही.

बुवांनी बादली उचलली आणि तिची कडी दगडावर वाजवली. खण्... खण्...

खालचा अंधार वळला. काळसर डोकं वर आलं.

“कडी वाजली की बादली पडते, गाळ ढवळतो, किडे सुटतात,” बुवा म्हणाले. “तिला तेवढंच कळतं.”

“तुमची मंडळी तुम्हाला काय हाक मारायची?”

“तिने नाव घेतलं ते लग्नात, उखाण्यात. तेही सगळ्यांनी अडवून धरलं म्हणून.” मास्तर हसायला गेले. “पुढे जन्मभर आपलं... ‘ऐकलंत का?’”

“त्याचा अर्थ काय?”

“अर्थ कसला त्यात, बुवा.”

“बरं, ते यायचं कुठून?”

मास्तरांचे ओठ हलले.

“स्वयंपाकघरातून,” ते म्हणाले. “चहा गाळून झाला की.”

बुवांनी बादली खाली ठेवली. आवाज होऊ न देता.

“म्हणून म्हणतो, नवं नाव द्या.” मास्तर म्हणाले. “त्या घरात आता मला हाक मारायला कुणी नाही. सकाळी उठून नुसता कान लावून बसायचो, बुवा... कपबशीसुद्धा वाजायची नाही.”

“कुणीच नाही?”

“शेजारच्या सावंतवहिनी तेवढ्या. रोज कुंपणावरून ओरडायच्या. ‘मास्तर, उठलात का? मास्तर, जेवलात का?’”

“तुम्ही काय सांगायचात?”

“काही नाही. दार लावून बसायचो. नसत्या चौकशा त्यांच्या! आमटी काय केली, डोळ्याला पाणी का आलंय...”

मास्तर मध्येच थांबले.

बुवांनी त्यांच्या खांद्यावरचं भगवं उपरणं काढलं, नीट घडी घातली आणि आपल्या काखेत धरलं.

“नाव देईन, मास्तर. आधी त्या बाईंना ओ देऊन या.”