चिटकीचं कोरं शेपूट

फार जुनी गोष्ट. तेव्हा मांजरं उंदरांपेक्षा पालींवर जास्त जीव टाकत.

एकदा बोक्याने चिटकी पालीच्या आईला फडताळाच्या कोपऱ्यात कोंडलं. आईने शेपूट गेल्याच आठवड्यात टाकलेलं, आता टाकायला काही उरलं नव्हतं. पालींचा रिवाज असा, की शेपूट टाकायचं ते फक्त स्वतःच्या जिवासाठी. पण चिटकी सरळ बोक्याच्या नाकासमोर उतरली.

"काय बोकोबा, म्हातारं चावून दात पाडायचेत का?"

पंजा पडला. तुटलेलं शेपूट वळवळत राहिलं, बोका त्याच्याशी झटत बसला आणि मायलेकी आढ्याला पोचल्या.

आई कडाडली, "मेले, पंजा दोन बोटं पुढे पडला असता तर? आणि कोरं करकरीत शेपूट घालवलंस!"

"शेपूट उगवेल गं," चिटकी धापा टाकत म्हणाली, "तू उगवली नसतीस."

आईला नुसतं चुकचुकता आलं.