तिरका रस्ता कुणी पाडला

शहरातले सगळे रस्ते काटकोनात, एकच तिरका. शहर अजून नुसत्या फक्कीच्या रेघांत होतं, तेव्हाची ही गोष्ट.

मोरी म्हशीची झोप उडाली होती. तिचं रेडकू, टिकल्या, रेघा तुडवत थेट तळ्याकडे जायचं, आणि रेघा मोडणाऱ्याला मुकादम कोंडवाड्यात टाकणार होता.

"मेल्या, रेघेनं चाल!" म्हणत ती रोज त्याच्यामागे धावायची. तिच्यामागे अख्खा कळप.

एका सकाळी मुकादम आला. "तळ्याकडची ही तिरकी वाट आता बुजायची नाही," तो म्हणाला. "ज्याचे खूर सगळ्यात खोल, त्याला धरा!"

मोरीनं खाली पाहिलं आणि ती हादरलीच. टिकल्याचे खूर जेमतेम उमटले होते. खोल रुतलेले सगळे तिचेच होते.

टिकल्या म्हणाला, "आई, घाबरू नकोस. कोंडवाड्यापर्यंत मी तुझ्यामागे ओरडत येईन."