विंडो मध्येच थांबते तेव्हा

“…पण सर, बाकी सगळ्यांकडे नीट चालतं, मग एकट्या त्या बाईंकडेच विंडो मागे का जाते?”

तांबोळी सर ओसरीवर वाटाणे सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“परवा फोनवर म्हणालास त्याच बाई?”

“हो, तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढतात त्या. पहिल्या डेस्कटॉपवर एक्स-रे उघडायचा आणि ओढत दुसऱ्यावर न्यायचा, रिपोर्टशेजारी. विंडो अर्ध्यातून परत पहिल्यावर जाते. सोमवारी रिपोर्टशेजारी आधीच्याच माणसाचा एक्स-रे राहिला. प्लास्टर घालायच्या आत डॉक्टरांच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.”

एकाच पडद्यावर दोन डेस्कटॉप, म्हणजे जणू दोन पानं, करून त्यांच्यात विंडो हलवणारा हा प्रोग्राम मुळात सरांचा. पॉलिटेक्निकातून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या, कैवल्यच्या हवाली केला होता. वर्षभरात कैवल्यने त्यात पुष्कळ भर घातली होती, आणि ती तो येईल त्याला दाखवायचा.

“तू काय केलंस?”

“तीनशे ओळी लिहिल्या. विंडो कडेला लागली की तिची नोंद दुसऱ्या डेस्कटॉपवर, जरा मागे सरकली की पुन्हा पहिल्यावर. प्रोग्राम सेकंदाला शंभरदा तपासतो. खरं सांगू? बाई फार हळू ओढतात. मध्येच थांबतात. मी म्हटलं त्यांना, जरा भरभर ओढा.”

“मग?”

“सॉरी म्हणाल्या.”

सरांनी परात बाजूला सारली.

“लॅपटॉप उघड. ओढ एक विंडो.”

कैवल्यने झर्रकन ओढली. बिनबोभाट गेली.

“आता हळू… थांब. बटण सोडू नकोस.”

विंडो कडेशी थांबली आणि थरथरू लागली.

“कुठल्या डेस्कटॉपवर आहे ती?”

“दुसऱ्या.”

ती लुकलुकली.

“पहिल्या… नाही, दुसऱ्याच.”

सर उठले, परात घेऊन आत गेले. आतून नळाचा आवाज आला. मग तोही थांबला. कैवल्यचं बोट अवघडलं.

“सर, सोडू?”

“कुठे आहे ते कळलं?”

…

कैवल्य पडद्याकडे बघत राहिला. तिची नोंद इकडून तिकडे, तिकडून इकडे पळत होती. पळवत होता तो स्वतःच.

“कुठेच नाही,” तो हळूच म्हणाला. “माझ्या हातात आहे.”



त्याने बटण सोडलं आणि तीनशेच्या तीनशे ओळी पुसल्या. त्यांच्या जागी पाच लिहिल्या. विंडो धरलेली असेपर्यंत ती कुठल्याच डेस्कटॉपची नाही, सुटेल तिथली.

मग त्याने ती ओढली. हळू, थांबत, मागेपुढे करत. विंडो जिथे सोडली तिथे राहिली.

सुधारलेला प्रोग्राम पाठवून त्याने दवाखान्यात फोन लावला. बाईंनी ओढून पाहिलं.

“नाही हो जात मागे आता. मी अजून हळूच ओढतेय, चालेल ना?”

“चालेल. ओढण्यात तुमची काही चूक नव्हती. चूक माझी होती.”

त्याने फोन ठेवला. सर चहाचे दोन कप घेऊन बाहेर आले.

“सर, एवढंच होतं, तर परवा मी फोन केला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

सरांनी कप त्याच्यापुढे ठेवला.

“फोनवर तू बोलतच होतास. मध्ये थांबला नाहीस.”