ढुंगणराव उठेनात, थेंबी घरी जाईना

एक होती थेंबी. रक्ताचा एवढुसा थेंब. ती राहायची गजामामाच्या अंगात.

एकदा थेंबी गेली पायाच्या अंगठ्याकडे. अंगठा म्हणाला, "थोडा वारा दे ना!" थेंबीने दिला. सगळा दिला. लाल लाल थेंबी झाली काळपट!

आता वर जायचं. छातीत, धडधड घरी. तिथेच नवा वारा मिळतो.

पण गजामामा बसला खुर्चीत. पाय खाली सोडून. बसला तो बसलाच! पाय कसा झाला? टम्म!

थेंबी निघाली. डुचुक डुचुक. वाटेत एक दार. दार बंद!

"दारा दारा, उघड की! थेंबी घरी जाईना!"

"मी नाही उघडत जा! पोटरी दाबेल तर उघडेन."

थेंबी गेली पोटरीकडे. डुचुक डुचुक.

"पोटरीबाई पोटरीबाई, दाब की! दार उघडेना, थेंबी घरी जाईना!"

"मी नाही दाबत जा! पाऊल हलेल तर दाबेन."

थेंबी गेली पावलाकडे. डुचुक डुचुक.

"पाऊलदादा पाऊलदादा, हल की! पोटरी दाबेना, दार उघडेना, थेंबी घरी जाईना!"

"मी नाही हलत जा! ढुंगण उठेल तर हलेन."

ढुंगण राहिलं वर. दार तर बंद! थेंबीने खालूनच हाक मारली.

"ढुंगणराव ढुंगणराव, उठा की! पाऊल हलेना, पोटरी दाबेना, दार उघडेना, थेंबी घरी जाईना!"

ढुंगणराव खुर्ची भरून बसले होते. म्हणाले, "आम्ही नाही उठत जा! पोट गुडगुडेल तर उठू."

थेंबी आणखी जोरात ओरडली.

"पोटोबा पोटोबा, गुडगुड की! ढुंगणराव उठेनात, पाऊल हलेना, पोटरी दाबेना, दार उघडेना, थेंबी घरी जाईना!"

"मी नाही गुडगुडत जा! मुळा नाचेल तर गुडगुडेन."

पोटात होता मुळा. मामाने भाकरीबरोबर खाल्लेला. थेंबी रडकुंडीला आली. तरी ओरडली.

"मुळ्या मुळ्या, नाच की! पोट गुडगुडेना, ढुंगणराव उठेनात, पाऊल हलेना, पोटरी दाबेना, दार उघडेना, थेंबी घरी जाईना!"

मुळा म्हणाला, "एवढंच ना? हा बघ नाचलो!"

मुळा नाचला, धिन धिन.
पोट गुडगुडलं, गुडगुड गुडगुड.
आणि ढुंगणराव?
पुर्रर्रर्र!

मामी आली नाक दाबून. "अहो, उठा आधी! अंगणात जा!"

ढुंगणराव उठले.
पाऊल हललं, थप थप.
पोटरीने दाबलं, चुळुक!
दार उघडलं, टपाक!
थेंबी वर गेली, सुर्रर्र!

मागे दार बंद, खट! आता घसरायची भीती नाही. पुढे आणखी एक दार. टपाक! सुर्रर्र! खट!

मांडी गेली. पोट गेलं. आलं धडधड घर.

"आलीस का गं?" हृदय म्हणालं. "जा, आधी वारा पिऊन ये."

अंगणात मामाने घेतला मोठ्ठा श्वास. हूंऽऽऽ! फुप्फुसात थेंबी वारा प्यायली, गटगट गटगट. लाल लाल लाल झाली!

मग निघाली फिरायला. कुठे? थेट मामाच्या नाकाच्या शेंड्यावर!

मामी म्हणाली, "अगंबाई! लाजलात होय? नाक बघा कसं लाल झालंय!"

आत थेंबी हसली, खुदुखुदु खुदुखुदु.